जमनालाल बजाज

जमनालाल बजाज (४ नोव्हेंबर १८८९ – ११ फेब्रुवारी १९४२) हे वर्ध्याचे उद्योजक, स्वातंत्र्यसेनानी, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे प्रदीर्घ काळ कोषाध्यक्ष आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानत. गांधीजींचे कार्यक्षेत्र साबरमतीहून वर्ध्यास आले, त्यामागे जमनालालजींचा आग्रह आणि त्यांनी उभी केलेली व्यवस्था ही प्रमुख कारणे होती. संपत्तीचा मालक हा तिचा विश्वस्त असतो, या विचाराचे आचरण करणारे व्यापारी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या वाहनांची हकिकत चरित्रग्रंथांत किरकोळ प्रसंग म्हणून येत असली, तरी हे आचरण रोजच्या जगण्यात कसे उतरले होते, ते तिच्यातून चांगले समजते.

बालपण आणि दत्तकविधान

जमनालाल यांचा जन्म राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहान गावी कनीराम व बिरदीबाई या दांपत्याच्या पोटी झाला. घरची परिस्थिती साधारण होती. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बछराज बजाज यांचा दत्तक पुत्र निवर्तला होता. त्याच्या नावाने त्यांनी या मुलाला दत्तक घेतले. नात्याने जमनालाल हे बछराज यांचे नातू झाले. मुलाच्या बदल्यात जन्मदात्यांनी स्वतःसाठी पैसा घेतला नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून गावासाठी एक विहीर खोदून मिळावी एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती बछराज यांनी पुरी केली, असे सांगितले जाते.

वर्ध्यास आल्यावर त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. १९०० साली शाळा सुटली आणि ते पेढीवर बसू लागले. मातृभाषा मारवाडी, शिक्षण मराठी आणि पुढे सार्वजनिक कार्य मुख्यतः हिंदीतून, अशी त्यांची भाषिक घडण होती. १९०२ साली त्यांचा विवाह जानकीदेवी यांच्याशी झाला.

त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा सुचवणारा प्रसंग १९०७ साली घडला. एका लग्नसमारंभाला जाताना अंगावर दागिने घालावेत असा बछराज यांचा आग्रह होता आणि जमनालाल यांनी तो मानला नाही. वाद वाढला व संतापाच्या भरात दत्तकपणाचा व संपत्तीचा उल्लेख झाला. त्यावर सतरा वर्षांच्या जमनालाल यांनी संपत्तीवरील सर्व हक्क सोडल्याचे पत्र लिहून दिले आणि ते घराबाहेर पडले. त्यांची समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले. त्याच वर्षी बछराज यांचे निधन झाले आणि ज्या संपत्तीवर त्यांनी लेखी पाणी सोडले होते, तीच सर्व त्यांच्याकडे आली. हा वारसा आपला नाही, आपल्याकडे तो ठेव म्हणून आहे, ही त्यांची भावना नंतर कायम राहिली.

व्यापार आणि सार्वजनिक जीवनाचा आरंभ

वर्धा हे कापसाच्या पट्ट्यातील रेल्वेचे जंक्शन. हंगामात कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा बाजारात लागत, सरकी काढून गाठी बांधल्या जात आणि त्या रेल्वेने मुंबईकडे जात. बजाज पेढीचा मुख्य व्यवहार याच कापसाचा होता. जमनालाल यांनी तो वाढवला, त्यात सचोटीबद्दल नाव मिळवले आणि पुढे साखर व पोलाद या उद्योगांतही प्रवेश केला. उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ येथील साखर कारखाना १९३१ साली उभा राहिला.

तरुणपणी ते टिळकांच्या विचारांकडे ओढले गेले. रोजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या रुपयातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी नागपूरहून निघणाऱ्या हिंदी केसरीसाठी दिले होते. ही त्यांची पहिली सार्वजनिक देणगी समजली जाते. दुसरीकडे ते मानद दंडाधिकारी होते आणि सरकारने त्यांना रायबहादूर हा किताबही दिला होता. त्या काळच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी सहज नांदत असत. असहकाराच्या काळात त्यांनी किताब परत केला.

गांधीजी १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर जमनालाल त्यांच्या आश्रमात जाऊ लागले. १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. याच अधिवेशनाच्या वेळी त्यांनी, आपल्याला पाचवा मुलगा म्हणून स्वीकारावे, अशी विनंती गांधीजींना केली. एकदा दत्तक गेलेल्या माणसाने प्रौढपणी स्वतःच्या इच्छेने पुन्हा दत्तक जावे, ही गोष्ट विलक्षण आहे. गांधीजींनी ती मान्य केली. काँग्रेसच्या कोषाध्यक्षपदाची जबाबदारीही याच सुमारास त्यांच्याकडे आली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. १९२१ साली वर्ध्यास सत्याग्रहाश्रम सुरू झाला आणि तो चालवण्यासाठी ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा भावे वर्ध्यात आले.

झेंडा सत्याग्रह आणि जप्त वाहने

१९२३ साली नागपुरात राष्ट्रीय ध्वज घेऊन मिरवणुकीने जाण्यास सरकारने मनाई केली आणि त्यातून झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल यांनी त्याचे नेतृत्व केले. त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि ३,००० रुपये दंड अशी शिक्षा झाली.

दंड भरण्यास त्यांनी नकार दिला. वसुलीसाठी सरकारने त्यांची मोटार आणि घोडागाडी जप्त केली. त्या काळी वर्धा-नागपूर भागात खासगी मोटारी मोजक्याच होत्या, त्यामुळे लिलावात चांगली बोली लागेल अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा असावी. प्रत्यक्षात बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही. मोटार कोणाची आहे आणि ती का विकली जात आहे, हे सर्वांना ठाऊक होते. अखेर ही वाहने दूर काठियावाडात पाठवून विकावी लागली.

या घटनेचे मोल दंडाच्या रकमेपेक्षा बरेच मोठे होते. लिलावावर बहिष्कार घाला असे कोणी ठरवून दिलेले नव्हते, तरी व्यापारी पेठेने स्वस्तातला सौदा नाकारला. जमनालाल यांच्यापुरते पाहता, मोटार आणि बग्गी ही श्रीमंतीची दोन ठळक चिन्हे त्यांच्या दारातून एकाच वेळी गेली.

मंदिरप्रवेश, खादी आणि तुरुंग

पुढील काही वर्षांत त्यांनी गांधी सेवा संघ, चरखा संघ आणि हिंदी प्रचार या कार्यांची आर्थिक बाजू सांभाळली. वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाने बांधलेले होते. जुलै १९२८ मध्ये जमनालाल यांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले केले. नातेवाइकांचा व जातीतील प्रतिष्ठितांचा विरोध त्यांना सहन करावा लागला. देशातील मोठ्या मंदिरांपैकी अशा रीतीने उघडलेले हे आरंभीचे एक मंदिर होय.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी मुंबईजवळ विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी उभारली. शेकडो स्वयंसेवकांच्या राहण्याजेवण्याची सोय, सामानाची ने-आण आणि पैन्‌पैचा हिशेब ही कामे त्यांच्या हातची होती. चळवळीच्या इतिहासात भाषणांची नोंद राहते, धान्याची पोती आणि सतरंज्या कोणी पोहोचवल्या याची सहसा राहत नाही. जमनालाल यांचे बरेचसे कार्य या दुसऱ्या प्रकारचे आहे. या सत्याग्रहात त्यांना कारावास झाला.

शेगावचा रस्ता

साबरमती आश्रम सोडल्यावर गांधीजी सप्टेंबर १९३३ मध्ये वर्ध्यास आले आणि नोव्हेंबरात येथूनच त्यांनी हरिजन यात्रा सुरू केली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघासाठी जमनालाल यांनी आपली बाग व इमारत दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील शेगाव या खेड्यात राहण्यास गेले. या गावाच्या जमिनीचा मोठा हिस्सा जमनालाल यांच्या मालकीचा होता. बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल तिकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले.

हे आठ किलोमीटर अंतर जमनालाल यांच्यासाठी रोजचा प्रश्न झाले. देशाच्या राजकारणाचे केंद्र अशा खेड्यात आले होते, जिथे चांगला रस्ता नव्हता. वर्ध्याची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला अशी धरते, की चाक फिरण्याऐवजी चिखलाचा गोळा होऊन घसटत जाते. मोटार अशा वाटेवर हमखास रुतते. कार्यकारिणीचे सदस्य, परदेशी पाहुणे, वार्ताहर आणि देशभरचे कार्यकर्ते रेल्वेने वर्ध्यास उतरत, बजाजवाडीत मुक्काम करत आणि तेथून शेगावास जात. कोणी पायी जाई, कोणी टांग्याने, कोणी बैलगाडीने. त्यांच्यासोबत वळकट्या, ट्रंका, कागदपत्रांची बोचकी आणि आश्रमाचे धान्यही जाई.

विदर्भातील बैलगाडीचे प्रकार कामाप्रमाणे ठरलेले होते. माल वाहणारी ती बंडी. माणसांसाठी हलकी, वर आच्छादन असलेली ती दमणी. एकदोघांना लवकर पोहोचवणारी लहान गाडी ती रेंगी. त्या गावातच घडत. सुतार चाकाचा मधला तुंबा, त्यात बसणारे आरे आणि परिघाचे पाटे बाभळीसारख्या कठीण लाकडातून तयार करी. लोहार लोखंडी धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान बनवी, ती तापवून फुगली की चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. थंड होताना आकसणारे लोखंड सगळे सांधे आवळून धरी. मगनवाडीच्या ग्रामोद्योगाच्या दृष्टीने ही आदर्श वस्तू होती, कारण तिचा प्रत्येक भाग गावात होई आणि गावातच दुरुस्त होई.

प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती आदर्श नव्हती. आसाखाली कमानी नसल्याने प्रत्येक धक्का थेट पाठीला बसे. दोन चाकांच्या गाडीत भार नीट मांडावा लागतो. तो पुढे आला तर गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. वयस्क किंवा आजारी पाहुण्यांसाठी आठ किलोमीटरांचा हा प्रवास कष्टाचा होता.

बैल जुंपलेली मोटार

वर्ध्यातील त्या काळच्या आठवणींमध्ये यावर निघालेल्या एका तोडग्याचा उल्लेख येतो. जमनालाल यांच्याकडील जुन्या फोर्ड मोटारीला बैलजोडी जुंपण्यात आली आणि पाहुण्यांना शेगावास नेण्या-आणण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात आणि गाडी फोर्ड कंपनीची, म्हणून आश्रमातील मंडळींनी गमतीने तिचे नाव ऑक्सफर्ड ठेवले. इंग्लंडच्या प्रसिद्ध विद्यापीठात शिकून आलेले अनेक जण गांधीजींना भेटण्यास येत असत, त्यामुळे हा विनोद चांगलाच रुजला.

थट्टा बाजूला ठेवली तरी ही योजना तांत्रिकदृष्ट्या विचार करण्याजोगी आहे. मोटारीच्या सांगाड्यात पोलादी कमानी, गादीची बैठक, छत आणि हवेचे रबरी टायर आयते असतात. रुंद टायर लोखंडी धावेइतका जमिनीत घुसत नाही आणि कडक वाटेवर तो बैलांना ओढण्यास हलका जातो. इंजिन व गिअरपेटी काढली की वजनाचा मोठा भाग कमी होतो आणि त्या जागी सामान ठेवता येते. चार चाकांमुळे सगळा भार जमिनीवर राहतो, बैलांच्या मानेवर केवळ ओढण्याचे काम उरते. धुरजड-उलाळ हा प्रश्नच राहत नाही. अडचण वळणाची असते. बैलगाडीत बैल वळले की गाडी वळते. मोटारीची पुढची चाके स्वतंत्रपणे वळत असल्याने दांडी त्या चाकांच्या जोडणीशी बांधावी लागते किंवा बैल हाकणाऱ्याखेरीज सुकाणूचक्रावर आणखी एक माणूस बसवावा लागतो. उतारावर मोटारीचा हाताचा ब्रेक उपयोगी पडतो; साध्या बंडीला ती सोय नसते.

असे प्रयोग त्याच दशकात इतरत्रही झाले. महामंदीच्या काळात कॅनडाच्या गव्हाळ प्रदेशातील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा त्यांनी मोटारींची इंजिने काढून त्यांना घोडे जुंपले आणि पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्यावर राग काढत त्या गाड्यांना बेनेट बग्गी म्हटले. अमेरिकेत जुन्या मोटारींच्या सुट्या भागांपासून केलेल्या जनावरांच्या गाड्यांना राष्ट्राध्यक्ष हूवर यांचे नाव चिकटले. तेथे ही गाडी दारिद्र्याची खूण होती आणि तिचे नाव हा सरकारवरचा टोमणा होता. वर्ध्याच्या गाडीचा मालक साखर कारखान्याचा धनी होता व नवी मोटार घेणे त्याला सहज शक्य होते. नवी घेऊनही ती त्या वाटेवर चालली नसती, हा भाग वेगळा. असलेली वस्तू टाकून न देता तिचा उरलेला उपयोग शोधणे, ही पेढीवर मुरलेल्या माणसाची काटकसर त्यात दिसते आणि आश्रमाची शिस्तही दिसते. या दोहोंची सीमारेषा जमनालाल यांच्या बाबतीत आखणे कठीण आहे.

रबरी टायरच्या बैलगाड्या पुढे महाराष्ट्रात सर्वत्र रूढ झाल्या. त्यांना गावोगावी टायरची गाडी किंवा डनलॉप गाडी म्हणतात. त्यांचा उगम वर्ध्याच्या या मोटारीत शोधणे योग्य होणार नाही, कारण त्या टायर कंपन्यांच्या प्रसारातून आल्या. जुन्या वाहनाची चाके आणि आस काढून ट्रॉली बनवण्याची ग्रामीण वर्कशॉपमधील पद्धत मात्र त्याच विचाराची आहे.

जयपूर संस्थानातील लढा

१९३८ साली जमनालाल जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. संस्थानात दुष्काळ होता व नागरी हक्कांवर बंधने होती. दरबाराने त्यांना प्रवेशबंदी केली. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी ती मोडून संस्थानात प्रवेश केला, तेव्हा पोलिसांनी त्यांना अटक करून खटला चालवण्याऐवजी मोटारीत घालून सीमेबाहेर नेऊन सोडले. ते पुन्हा आले, पुन्हा तोच प्रकार झाला आणि या वेळी बळाचाही वापर झाला. तिसऱ्या प्रयत्नानंतर त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली. ज्या प्रदेशात त्यांचा जन्म झाला, तेथूनच त्यांना असे बाहेर टाकण्यात आले, याची बोच त्यांना होती.

गोसेवा आणि अखेर

वैयक्तिक सत्याग्रहातील कारावासानंतर १९४१ साली जमनालाल यांची प्रकृती खालावली होती. राजकारण व व्यापार या दोहोंतून मन निघून ते अंतर्मुख झाले होते. या काळात त्यांनी आनंदमयी माता यांची भेट घेतली. पुढे काय करावे, याबाबत गांधीजींशी चर्चा होऊन गोसेवेचे कार्य निश्चित झाले आणि ३० सप्टेंबर १९४१ रोजी गोसेवा संघाची स्थापना झाली. वर्ध्याजवळ गोपुरी येथे ते झोपडीत राहू लागले.

हा भावनिक निर्णय होता असे अनेकदा लिहिले जाते. त्याला आर्थिक बाजूही होती. शेतीची नांगरट आणि गावातील जवळजवळ सगळी वाहतूक बैलांवर चालत होती. बैल निकृष्ट झाले तर शेतकऱ्याचे नांगर आणि बंडी दोन्ही थांबत. जातिवंत पैदास, चारा आणि गाईच्या दुधाला बाजार हे प्रश्न त्यांनी पेढीचा हिशेब करावा तसे हाती घेतले. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वर्ध्यात या विषयावर परिषदही भरली.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वर्ध्यात त्यांचे आकस्मिक निधन झाले. ते ५२ वर्षांचे होते. अंत्यसंस्कार गोपुरी येथे झाले. जानकीदेवींनी सती जाण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा पतीचे कार्य पुढे चालवण्यात आयुष्य वेचावे, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. त्यांनी आपली संपत्ती गोसेवेसाठी अर्पण केली आणि पुढे भूदान व कूपदान चळवळींत काम केले. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

पश्चात

जमनालाल यांना कमलनयन व रामकृष्ण हे दोन पुत्र आणि कमला, मदालसा व उमा या तीन कन्या होत्या. त्यांच्या निधनानंतर १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. तिने आधी स्कूटर व तीनचाकी वाहने आयात केली आणि पुढे बजाज ऑटो या नावाने ती देशातच बनवली. प्रवासी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकीमुळे बजाज हे नाव घरोघरी पोहोचले. त्यामुळे जमनालाल हेच वाहननिर्मितीचे संस्थापक होते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. त्यांच्या हयातीत समूहाचा व्यवसाय मुख्यतः कापूस, साखर आणि पोलाद यांचा होता.

मुंबई विद्यापीठातील जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ साली स्थापन झाली. भारतीय टपाल खात्याने १९७० साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रचनात्मक कार्यासाठी १९७८ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात. वर्ध्यातील बजाजवाडी, लक्ष्मीनारायण मंदिर, मगनवाडी आणि गोपुरी ही त्यांच्या जीवनाशी निगडित ठिकाणे आहेत.